रॅम वाढवा म्हणे!

शनिवारची सकाळ. दुसरा चहा झालाय, पेपर वाचून झालाय, आणि काल संध्याकाळी ऑफिसात जे ऐकलं ते अजून डोक्यातून जात नाहीये. तेव्हा मंडळी, आज जरा तिखट लिहिणार आहे. एक मात्र आधीच सांगून टाकतो, ह्या खटल्यात एक आरोपी मी स्वतःही आहे.

तर झालं असं. आमच्या टीममधल्या एका पोराने (हुशार आहे, तीन वर्षांचा अनुभव, मला अरे-तुरे करतो आणि मला ते आवडतं) टेस्टिंगवाल्यांसाठी एक छोटं डेस्कटॉप टूल लिहिलं. दर सेकंदाला स्क्रीनचा फोटो काढायचा, मागच्या फोटोशी ताडून बघायचा, काही बदललं असेल तर साठवायचा. बस्स, एवढंच काम. पण ते चालू केलं की लॅपटॉपचा पंखा असा काही सुटतो की पलीकडच्या रांगेतला माणूस मान वर करून बघतो. मी विचारलं, एवढं काय दळतंय हे? तर म्हणाला, "अरे ४के मॉनिटर आहे ना, मशीन कमी पडतंय. आपण प्रपोजलमध्ये मिनिमम ३२ जीबी टाकू. हार्डवेअर काय, स्वस्तच आहे."

हार्डवेअर स्वस्त आहे! हे वाक्य मी गेली वीस वर्षं ऐकतोय. त्यातली पहिली दोन-तीन वर्षं तर मीच म्हणत होतो. म्हणणाऱ्याला ते नेहमीच स्वस्त असतं, कारण बिल दुसऱ्याच्या नावावर फाटतं.

मी कोड उघडला. आत दोन लूप, एकात एक. बाहेर एक्स, आत वाय, आणि गाभाऱ्यात मूर्ती कोणाची? गेटपिक्सेल! तीही दोन्ही बिटमॅपवर. हा कोड त्याने एआयकडून लिहून घेतला होता म्हणे. त्याबद्दल मी काही बोललो नाही, कारण २००६ साली अगदी हाच कोड मी कोणाच्याही मदतीशिवाय, माझ्या ह्या दोन हातांनी लिहिला होता.

ज्यांचा ह्या प्रकाराशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. डॉट नेटमध्ये गेटपिक्सेल लिहिताना वाटतं की आपण एका ॲरेमधून एक आकडा उचलतोय. प्रत्यक्षात प्रत्येक पिक्सेलसाठी आपला कोड आपलं घर सोडून जीडीआय प्लसच्या दारात जातो. तिथे चौकशी होते: हा एक्स चित्राच्या आत आहे ना? वाय आत आहे ना? चित्राचा फॉरमॅट कुठला? मग एक रंग हातात पडतो आणि स्वारी परत घरी. पुढच्या पिक्सेलला पुन्हा तेच. वाण्याकडून पाच किलो तांदूळ आणायचेत आणि तुम्ही एकेक दाणा आणायला खेपा घालताय, वर दर खेपेला वाणी तुमचं नाव-गाव विचारतोय, असा मामला.

आता खेपा मोजा. त्या काळचा १०२४ बाय ७६८ चा स्क्रीन म्हणजे ७,८६,४३२ पिक्सेल. दोन चित्रं ताडायची म्हणजे १५,७२,८६४ खेपा. आजचा ४के स्क्रीन घेतला तर ८२,९४,४०० पिक्सेल, म्हणजे एक कोटी पासष्ट लाखांच्या वर खेपा. एका फ्रेमसाठी. आणि पंखा सुटला की नाव मॉनिटरचं!

ह्यावर उपाय फार गहन आहे असंही नाही. लॉकबिट्स नावाची सोय डॉट नेटच्या पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे २००२ पासून आहे. ती चित्राचा मेमरीतला पत्ताच हातात देते. पोतं उचला, खांद्यावर टाका, घरी या. शिवाय चित्र मेमरीत आडव्या ओळींनी ठेवलेलं असतं आणि प्रोसेसर एका वेळी साधारण ६४ बाइट उचलून कॅशमध्ये आणतो, म्हणजे ३२ बिटच्या चित्रातले शेजारशेजारचे १६ पिक्सेल. 'बाहेर एक्स, आत वाय' करून तुम्ही उभे चाललात, तर सोळातला एक वापरता आणि ४के वर १५,३६० बाइटची उडी मारून पुढच्या ओळीत जाता. गेटपिक्सेलपुढे हे पाप किरकोळ आहे म्हणा, पण गेटपिक्सेल काढून टाकलंत की मग हेच मोठं दिसायला लागतं.

असो. आता २००६.

कंपनीचं नाव नको, ग्राहकाचंही नको. एक पतसंस्था होती, शाखा मराठवाड्यातल्या तालुक्यांच्या गावी. आम्ही पुण्यात बसून त्यांना सपोर्ट देत होतो, आणि त्यासाठी मी एक टूल लिहिलं होतं. शाखेतल्या मशीनचा स्क्रीन पुण्यात दिसायचा. शाखेत काय, सेलेरॉनची मशीनं, २५६ एमबी रॅम, आणि ६४ केबीपीएसची लाइन. टूलचा डेमो ऑफिसच्या नेटवर्कवर झकास झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या महिन्यात जेवणाची कूपनं मिळाली, हेही आठवतंय.

शाखेत मात्र टूल चालू केलं की काउंटरवरचं मशीन बसायचं. बाजाराचा दिवस, पासबुक भरून घ्यायला माणसं रांगेत उभी, आणि काउंटरवरच्या बाई खांद्याशी फोन धरून सांगतायत, "साहेब, माऊस हलंना हो." ज्या मशीनला मदत करायला आमचं टूल जायचं, त्याच मशीनचा गळा ते धरायचं.

आम्ही काय केलं? टास्क मॅनेजर उघडायला सांगितला. सीपीयू १००, मेमरी भरलेली. झालं निदान! मशीन जुनं आहे. रॅम ५१२ करा, जमलं तर मशीनच बदला. ती मेल मी लिहिली. मॅनेजरने तिच्यात दोन 'काइंडली' घातले आणि पुढे पाठवली.

आणि गंमत (म्हणजे आता गंमत म्हणायची) अशी की रॅम वाढवल्यावर खरंच फरक पडला! त्याचं कारण मला दोन वर्षांनी कळलं. डॉट नेटमधला बिटमॅप ऑब्जेक्ट दिसायला चिमुकला असतो. त्याचे पिक्सेल, आमच्या बाबतीत प्रत्येकी बरोबर तीन एमबी, गार्बेज कलेक्टरच्या हद्दीबाहेर ठेवलेले असतात. कलेक्टर बिचारा आपल्या अंगणात डोकावतो, त्याला चार-दोन पानं पडलेली दिसतात, तो म्हणतो एवढ्यासाठी कशाला झाडू काढा. कुंपणापलीकडे ढिगारा वाढत चाललाय हे त्याला दिसतच नाही. म्हणून काम झालं की आपण डिस्पोज म्हणायचं असतं. मी म्हटलं नव्हतं. रॅम वाढवल्यावर ढिगाऱ्याला जागा जास्त मिळाली, एवढंच. अर्ध्या तासात बसणारं मशीन दुपारपर्यंत टिकायला लागलं, आणि आम्ही म्हणालो, बघा, सांगत होतो ना, रॅमच कमी होती!

चुकीचं औषध थोडं लागू पडतं तेव्हा खरी पंचाईत होते. पूर्ण फसलं असतं तर आम्ही कोड तरी बघितला असता.

संस्थेने पुढे दोन शाखांची मशीनं बदलली. पैसे कोणाचे? संध्याकाळी एजंटच्या हातावर रोजचे वीस-पन्नास रुपये पिग्मी ठेवणाऱ्या माणसांचे. हातगाडीवाला, टपरीवाला, शिलाई मशीनवाली. माझ्या दोन लूपचं बिल त्यांनी भरलं.

२००८ मध्ये दुसऱ्या कामासाठी तो कोड परत उघडला आणि पहिल्यांदाच प्रोफायलर लावला. (दोन वर्षांत पहिल्यांदा! ह्याची लाज कशी लिहावी ते सुचत नाही.) नव्वद टक्क्यांहून जास्त वेळ गेटपिक्सेलमध्ये. एका दुपारी लॉकबिट्स घातलं, स्क्रीनच्या छोट्या चौकटी पाडून मेमरी थेट ताडली, डिस्पोज घातलं. माझ्या मशीनवर फ्रेममागे दीड-पावणेदोन सेकंद लागत होते ते दहा मिलिसेकंदांच्या आत आलं. रॅमचा आलेख सपाट. मी मॅनेजरला दाखवलं. तो म्हणाला, "मस्त! पण आता त्यांना कशाला सांगायचं? झालं गेलं." मीही गप्प बसलो.

आता लाइनचा हिशोब बघा, कारण शिव्या आम्ही लाइनलाही घातल्या होत्या. तो अख्खा स्क्रीन कच्चा पाठवायचा म्हणजे ३१,४५,७२८ बाइट. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला फार तर ८,००० बाइट. एका चित्राला साडेसहा मिनिटं! म्हणून आम्ही जेपीईजी करून पाठवत होतो. जेपीईजी आहे फोटोसाठी, झाडं-डोंगर-चेहरे ह्यांच्यासाठी. अक्षरांच्या कडा ते फासून टाकतं. पुण्यातला सपोर्टवाला फोनवर विचारायचा, "बाई, खातेनंबरात तीन आहे का आठ?" पतसंस्थेत! आता हे बघा: बाईंनी एका रकान्यात रक्कम टाइप केली तर स्क्रीनवर बदलतं काय? समजा ८० बाय २० पिक्सेलची एक पट्टी. कच्ची पाठवली तरी ६,४०० बाइट, एक सेकंदही लागत नाही, आणि तीन तो तीनच दिसतो.

आणि हे ज्ञान तेव्हा कुठे तळघरात कुलूपबंद होतं असंही नाही. केंब्रिजमधल्या ऑलिव्हेटी-ओरॅकल प्रयोगशाळेने १९९८ मध्येच व्हीएनसी फुकट वाटायला काढलं होतं, कोडसकट. त्याच्या प्रोटोकॉलमध्ये बदललेले चौकोन तेवढेच पाठवतात. त्यातली एक युक्ती तर मला फार आवडते. तुम्ही खिडकी ओढून दुसरीकडे नेली, किंवा यादी स्क्रोल केली, तर ते पिक्सेल समोरच्याकडे आधीपासून आहेतच की! मग पाठवायचं कशाला? 'अमुक जागचा चौकोन तमुक जागी उचलून ठेव' असा निरोप जातो. चौकोनाचा मथळा १२ बाइट, मूळ जागेचा पत्ता ४ बाइट. एकूण १६ बाइट. मागे जो भाग उघडा पडतो तो वेगळा पाठवावा लागतो, पण खिडकी सोळा बाइटमध्ये हलली! त्याच कामासाठी मी अख्खा स्क्रीन दळत होतो.

चौकोन उचलून दुसरीकडे ठेवायची ही कल्पना तर त्याहून जुनी. झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या केंद्रात डॅन इंगल्सने १९७५ मध्ये बिटब्लिट लिहिलं, आणि आज विंडोजमध्ये आपण ज्याला त्याच नावाने हाक मारतो ते त्याचंच नातवंड. १९८४ च्या मॅकिंटॉशचा स्क्रीन ५१२ बाय ३४२, पिक्सेलला एकच बिट. सगळा स्क्रीन २१,८८८ बाइटमध्ये. यंत्रात एकूण मेमरी १२८ केबी, आणि तेवढ्यात बिल ॲटकिन्सनने क्विकड्रॉ बसवलं. खिडक्या एकमेकींवर सरकायच्या, मेन्यू खाली यायचे. ॲटकिन्सन २०२५ च्या जूनमध्ये गेला. क्विकड्रॉचा कोड २०१० पासून कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने सगळ्यांसाठी खुला ठेवलाय, बघा कधी सवड झाली तर. आजच्या ४के ची एक फ्रेम त्या मॅकच्या अख्ख्या स्क्रीनच्या दीड हजार पट आहे. त्याला मोजल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आम्हाला होतं, म्हणून आम्ही मोजलं नाही. फरक अकलेचा असेलही थोडा, पण मुख्य फरक हाच.

आता दुसरी बाजू. काल त्या पोराने ठेवणीतलं अस्त्र काढलंच: "प्रिमॅच्युअर ऑप्टिमायझेशन!" आणि वर साक्षीला डोनाल्ड क्नुथ. बाबा रे, क्नुथचा १९७४ चा तो लेख उघडून बघ. किरकोळ वेगाच्या मागे लागू नका, असं तो साधारण ९७ टक्के जागांबद्दल म्हणतो. लगेच पुढे म्हणतो की उरलेल्या कळीच्या तीन टक्क्यांत संधी सोडू नका. आपल्याकडे पहिलं अर्धं वाक्य मग्गांवर छापलं जातं आणि उरलेलं अर्धं गायब! तुमच्या सेटिंग्जच्या खिडकीत गेटपिक्सेल वापरून एका आयकॉनचा रंग बघताय? खुशाल बघा, मी तोंड उघडणार नाही. पण जो लूप दर फ्रेमला ऐंशी लाख वेळा फिरतो तो त्या तीन टक्क्यांत येत नाही असं ज्याला वाटतं, त्याला क्नुथचं नाव घ्यायचा हक्क नाही.

"पण आता जीपीयू आहे ना!" हे दुसरं अस्त्र. आहे की. पण जीपीयूने काढलेलं चित्र त्याच्याकडे राहतं तोवर वेग आहे. ते ताडण्यासाठी सीपीयूकडे ओढून आणलंत की जीपीयूला हातातलं काम संपवावं लागतं, तोवर सीपीयू हात चोळत उभा, आणि मग दर फ्रेमला ३,३१,७७,६०० बाइटची हमाली. सेकंदाला साठ फ्रेम म्हणाल तर जवळपास दोनशे कोटी बाइट. व्हिडिओ बनवायचा असेल तर जीपीयूवरच एन्कोड करा आणि फक्त दाबलेला व्हिडिओ खाली आणा. ताडायचं असेल तर मुळात ताडूच नका! विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, डेस्कटॉप डुप्लिकेशन नावाची सोय आहे. ती तुम्हाला फ्रेमबरोबर यादी देते: हे चौकोन बदलले, हे चौकोन इथून तिथे सरकले. काहीच बदललं नसेल तर नवी फ्रेमच देत नाही. स्क्रीन रंगवणाऱ्याला काय रंगवलं ते माहीत असतं हो, त्याला विचारा! आम्ही काय करतो, तर भिंतीला रंग देऊन झाल्यावर भिंग घेऊन इंच न् इंच तपासतो की रंग कुठे कुठे लागला.

लॉकबिट्स वापरलं म्हणजे आपण सुटलो असंही समजू नका. तिथे स्ट्राइड नावाचं भूत बसलेलं आहे. बिटमॅपची प्रत्येक ओळ चाराच्या पटीत भरावी लागते. २४ बिटच्या चित्रात १०२४ रुंदीला ३,०७२ बाइट, १९२० ला ५,७६०, दोन्ही चाराने जातात, म्हणून 'रुंदी गुणिले तीन' असा कच्चा हिशोब करणारा कोड आपल्या मशीनवर बिनबोभाट चालतो. आणि मग तो जातो १३६६ बाय ७६८ च्या स्वस्त लॅपटॉपवर. १३६६ गुणिले तीन ४,०९८, चाराने जात नाही, ओळ ४,१०० ची होते. दर ओळीला दोन बाइटची चूक, चित्र तळाशी पोचेपर्यंत पाचशेवर पिक्सेल सरकतं, रंगही फिरतात. आमच्या एका टूलला पुढे हा रोग झाला होता. पहिलं निदान काय झालं असेल, ओळखा. 'ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करा.' अर्थातच! स्वस्त लॅपटॉप म्हटल्यावर दोष त्याचाच.

म्हणून माझा राग त्या पोरावर नाही, आमच्या ह्या रिफ्लेक्सवर आहे. चूक समोर आली की बोट आपसूक समोरच्याच्या टेबलाखालच्या डब्याकडे जातं. आणि तो डबा आता स्वस्तही राहिलेला नाही. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव कसे भडकले ते ज्याने लॅपटॉप घेतलाय त्याला विचारा. त्याच ऑक्टोबरमध्ये विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि कितीतरी चांगली चालणारी मशीनं नव्या विंडोजच्या अटींत बसत नाहीत म्हणून रिटायर झाली. त्यात आपण आपली ३२ जीबीची अट घेऊन उभे! 'हे चालवायला काय लागेल' ह्याऐवजी 'माझ्या टेबलावर काय आहे' तेच आपण मिनिमम म्हणून लिहितो.

२०११ मध्ये एका मित्राच्या लग्नाला त्याच तालुक्याच्या गावी गेलो होतो. वेळ होता म्हणून शाखेत डोकावलो. त्याच बाई होत्या, फोनवरच्या आवाजावरून मला ओळखलं त्यांनी. चहा मागवला. मी सहज विचारलं, जुन्या मशीनचं काय केलंत? म्हणाल्या, "झेडपीच्या शाळेला दिले की. आमचा लेक तिथंच शिकतो. तो म्हणतो, मस्त चालतात." मी कपात बघत राहिलो. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. बशीतली दोन बिस्किटं खाल्ली आणि लग्नाला उशीर होतोय म्हणून उठलो.

त्या पोराबरोबर सोमवारी अकराला बसायचं ठरलंय. लूपला अजून हात लावू नकोस म्हटलंय. आधी स्टॉपवॉच लाव, एका फ्रेमला किती मिलिसेकंद जातात आणि त्यातले गेटपिक्सेल किती खातं, एवढं कागदावर लिहून आण. तो जरा हिरमुसला, पण "ओके" म्हणाला. प्रपोजलमधली ३२ जीबीची ओळ मात्र मी काल रात्री घरी आल्या आल्या खोडली.